उंबऱ्याआतले टावर

विहिरीतून ओढून काढलेली मोटार कोणी दुकानासमोर आणून टाकली, की दगडोबा आधी ती उघडत नाही. वायर जोडतो, घडीभर फिरवतो, पेचकसाचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवतो, मूठ आपल्या कानाला लावतो आणि डोळे मिटून घेतो. मोटारवाला शेतकरी त्याच्या तोंडाकडं बघत उभा. मग दगडोबा म्हणतो, "वायंडिंग शाबूत हाय. बेरिंग खाल्ली तिनं. उगं तांबं काहून बदलतो?" आणि उघडल्यावर तसंच निघतं. पुसेगावात तीस वर्षं झाली त्याच्या दुकानाला. ह्या माणसाचा अंदाज चुकल्याचं कोणी सांगत नाही. चुकला असेलही, पण ज्याच्या मोटारीचा चुकला तो ती घेऊन गुपचूप सेनगावला गेला असेल.

आईनं नाव दगडोबा ठेवलं, कारण थोरल्या भावानंतरची दोन लेकरं जगली नव्हती. दगड तरी राहील म्हणून. राहिला. कान मात्र सशाचे घेऊन आला.

सात-आठ वर्षांमागची गोष्ट. हिंगोलीत एका रिटायर मास्तरांच्या बोअरची मोटार बसली म्हणून दगडोबा गेला होता. काम उरकलं, मास्तरांनी हात धुवायला घरात बोलावलं. बैठकीत भिंतीपासून हातभर पुढं दोन लाकडी खांब उभे होते, कमरेच्या वर येतील एवढे. आणि दोन्हींच्या मधे, जिथं काहीच नव्हतं, तिथं एक माणूस बसून तबला वाजवत होता. दिसत नव्हता, पण बसला होता बराबर तिथंच. थाप तर कोणालाही ऐकू येते. दगडोबाला थाप मारून झाल्यावर चामड्यावरून उचललेलं बोट ऐकू आलं.

हाताचा साबण वाळला तरी तो उभाच.

"काय झालं हो?" मास्तरांनी विचारलं.

"हा माणूस कुठं बसलाय, सर?"

मास्तर हसले. म्हणाले, ह्यांना टॉवर स्पीकर म्हणतात. जमिनीवर स्वतःच्या पायावर उभे राहतात, बसून ऐकायचे असतात, लग्नात वाजवायचे नसतात.

परत येताना एसटीत दगडोबाला दुसरं काही सुचेना. वीस-बावीस वर्षं आपण कानानं नुसते रोग ऐकत आलो. बेरिंगची घरघर, शाफ्टचा ठणका, जळक्या कॉईलची गुणगुण. कानाला कधी धड काही खाऊ घातलंच नाही.

त्या साली सोयाबीन बरं पिकलं. भावकीनं सल्ले दिले. पुतण्या भागवत, म्हणजे थोरल्या भावाचा पोरगा, म्हणाला, "काका, मोटरसायकल घ्या. सायकलवर मोटार बांधून हिंडता, लोक मला बोलतेत." दगडोबानं ऐकून घेतलं. बायकोला, गोजरबाईला, मात्र खरं सांगितलं. ती म्हणाली, "घ्या काय घ्यायचं ते. पण मला टीव्ही त्याच्यावर दिसला पायजे."

"दिसत न्हाई, ऐकू येते."

"तेच ते."

शेजारच्या तांड्यावरचा वसराम पिकअप चालवतो. त्याला घेऊन दगडोबा नांदेडला गेला. दुकानदार धोतर-टोपी बघून म्हणाला, "चाचा, डीजे के लिए चाहिए ना? वो माल उधर है." दगडोबा म्हणाला, "डीजे न्हाई. बैठके सुनने का." दुकानदारानं त्याला खुर्ची दिली, आणि दगडोबा त्या खुर्चीतून दोन तास उठला नाही. वसराम तेवढ्यात बाहेर जाऊन जेवून आला.

येताना वसरामनं गाडी अशी हाकली, जशी गाभण म्हैस आणावी. स्पीकरला दोन्हीकडून वाकळा बांधल्या होत्या. गावात शिरले तर पारावरची माणसं उठून आली. दोन उंच, काळे, चकचकीत, गुमान उभे. एक म्हातारा म्हणाला, "दगडोबाला पोरगी न्हाई, पण जावई मातर दोन आणले." बस. तेव्हापासून गावात त्यांचं नाव जावई. काम काही नाही, घरातली चांगली जागा पाहिजे, आणि कोणी बोट लावलेलं खपत नाही. म्हाताऱ्याचं चुकलं काय?

दगडोबा मात्र त्यांना टावर म्हणतो.

त्यानं माळवदाची मागची खोली मोकळी केली. खाली शहाबादी फरशीचे दोन तुकडे, त्यांच्यावर टावर. समोरच्या भिंतीवर गोधड्या टांगल्या. तरी आवाज घुमायचा, विहिरीत बोलल्यासारखा. एक दिवस नवीन सोयाबीनची पोती ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्यानं ती ह्याच खोलीच्या चार कोपऱ्यांत रचली, आणि सहज गाणं लावलं. घुमणं गायब! ढोलकीचा दम आपल्या जागी येऊन बसला. तेव्हापासून दगडोबाचं सोयाबीन लवकर बाजारात जात नाही. गावाला वाटतं, हा माणूस भाव चढायची वाट बघून राहिला, लई हुशार हाय. मोंढ्यातला एक अडत्या तर त्याला फोन करून विचारतो, "दगडोबा, तुमी कधी काढता? मग आमी बी काढतो." दगडोबा त्याला खरं सांगत नाही.

गोजरबाईला टीव्ही 'दिसायला' लागला. मालिकेतल्या सासूनं नुसती मान वळवली तरी फडताळातली भांडी थरथरायची. शेजारणी पदराचा बोळा तोंडावर धरून बघायच्या. सिनेमात पाऊस आला की एक म्हातारी दर वेळी बाहेर वाळत घातलेलं धान्य आठवून उठायची.

पहिल्या दसऱ्याला एक भानगड झाली. दसऱ्याला अवजारं पुजायची म्हणून गोजरबाईनं वायंडिंगचं मशीन, पक्कड, पेचकस सगळं मांडून हळदकुंकू वाहिलं. मग ताट घेऊन मागच्या खोलीत गेली. टावरला कपाळ कुठं असतं? सगळ्यात वर एक बारीक गोल, रेशमासारखी फुगीर टिकली होती. तिनं दोन्हींच्या त्या टिकलीवर अंगठ्यानं कुंकू लावलं, भक्तीनं, दाबून. टिकल्या आत बसल्या. जी टिकली बारीक आवाज काढते तीच ती. संध्याकाळी दगडोबानं गाणं लावलं तर पैंजण गायब, झांज गायब. त्यानं बॅटरी लावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. चिकटपट्टी लावून ओढली, जमेना. शेवटी टिकलीला ओठ लावून हलकेच श्वास ओढला. टुप्प करून बाहेर आली. दुसरीचंही तसंच. मागं वळला तर दारात गोजरबाई. त्याचे ओठ कुंकवानं लाल.

"जावयाचा मुका घेऊन राहिले का?" ती म्हणाली, आणि हसून हसून खाली बसली.

हे झालं घरातलं. घरातल्याची तकलीफ माणूस सोसतो. बाहेरच्याची वेगळी असते.

गावात एक कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही. वस्तू लहान असली तर तुमची, मोठी असली तर गावाची. वाटी तुमची, कढई गावाची. चादर तुमची, सतरंजी गावाची. ज्याच्या घरी मोठा हंडा, शिडी, ताडपत्री, जनरेटर असेल, त्यानं ती लग्नकार्याला द्यायची आणि पुन्हा कधी परत येते ते बघत बसायची. दगडोबानंही इतकी वर्षं तेच केलं. त्याची विहिरीतून मोटार ओढायची चेनपुली गावभर हिंडते. म्हणून भागवतच्या पोराच्या जावळाला भागवत ट्रॅक्टर घेऊन दारात आला तेव्हा दगडोबानं टावर दिले. कडबा टाकून, वाकळांत बांधून, सोबत जाऊन.

सोबत जाऊन काय होतं? जेवणाच्या पंगतीत त्याला बसवलं, तेवढ्या वेळात कोणीतरी टावरच्या वायरी डीजेवाल्याच्या मशीनला जोडल्या आणि बटण शेवटापर्यंत फिरवलं. दगडोबाचा घास हातातच राहिला. मांडवाच्या त्या टोकाहून त्याला ऐकू आलं. उजवा ओरडला, मग खोकला, मग गप्प. तो पळत गेला तोवर जळक्या वार्निशचा वास सुटला होता. हा वास त्याला झोपेतही ओळखू येतो.

भागवत म्हणाला, "जळालं त जळालं, काका. तुमी वायंडिंगवाले हाव. करा की नीट."

आणि दगडोबानं केलं. मोटारीचं तांबं दोऱ्याएवढं असतं. स्पीकरच्या पडद्यामागचं वेटोळं केसाएवढ्या तारेचं. आधीचे वेढे जळून एकमेकांना चिकटलेले, मोजायलाही येईनात. कागदाच्या नळीवर त्यानं हातानं गुंडाळायला घेतलं, गोजरबाईनं रीळ धरलं. तार तुटायची. नाहीतर वेढा वेढ्यावर चढायचा. नाहीतर सगळं जमायचं आणि पडदा बसवल्यावर लोहचुंबकाला घासायचं, खर्रर्र. आठ वेळा फसला. पावसाळा सुरू झाला, संपत आला, दुकानात मोटारींची रांग लागली, लोक शिव्या देऊन गेले. नवव्या वेळेला वाजला. आज डावा कंपनीचा आहे आणि उजवा दगडोबाचा. कोणाला फरक सांगता येत नाही. दगडोबाला येतो, पण तो बोलत नाही.

नववा बसला त्या दिवशी त्यानं गोजरबाईला उंबरा दाखवला. "ह्या दोघांचं गाव इथं संपलं."

मग गणपतीवाले आले, शाळेच्या गॅदरिंगवाले आले, निवडणुकीत एका पॅनलवाले आले. सगळ्यांना एकच उत्तर. "ऐकायला या. न्यायला येऊ नका." ऐकायला फार जण आले नाहीत. वसराम येतो, दर बाजाराच्या दिवशी. चप्पल बाहेर काढतो, पोत्याला पाठ टेकवतो, अर्धा तास ऐकतो, आणि "बरं हाय," म्हणून जातो. दगडोबाला तेवढं पुरतं. गावानं मात्र त्याला नावं ठेवली. कंजूस, घुमा, शिष्ट. त्यानं ठेवू दिली.

ह्या वैशाखात पल्लवीचं लग्न ठरलं. पल्लवी भागवतची धाकटी बहीण. थोरला भाऊ पाच वर्षांमागं वारला, वहिनी त्याच्या आधीच गेलेली. म्हणून सुपारी फुटली त्याच दिवशी चार माणसांत ठरलं होतं, की पल्लवीचं कन्यादान चुलता-चुलतीनं, म्हणजे दगडोबा आणि गोजरबाईनं करायचं. दगडोबाला एक पोरगा, तो संभाजीनगरला कंपनीत. पोरगी नाही. पल्लवी शाळेतून यायची ती आधी गोजरबाईच्या चुलीपाशी, मग स्वतःच्या घरी. गोजरबाईनं त्याच दिवशी माळ्यावरची पितळी परात काढून चिंचेनं घासायला घेतली, नवरदेवाचे पाय धुवायला.

लग्नाला आठ दिवस असताना भागवत आला. बसला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा.

"काका, एक काम व्हतं."

"बस की. च्या घे."

"च्या नको. हळदीला डीजे भेटून न्हाई राहिला. तीथच अशी दाट हाय, जिथं तिथं लग्नं. तुमचे दोन जावई द्या एका दिवसापुरते."

"न्हाई."

"पुरतं ऐका त!"

"ऐकलं. माहा धंदाच ऐकायचा हाय."

"परक्याचं लगीन हाय का? पल्लवीचं हाय."

"तिला म्हणावं, हळदीच्या अंगानं ये, इथं बस. सगळ्या पोरी घेऊन ये. पायजे ते लावतो, पायजे तेवढा वेळ. भिंती पिवळ्या झाल्या तरी चालन. पण टावर बाहीर जायाचे न्हाईत."

"मागल्या टायमाचं धरून बसले का? म्या सोता उभा राहातो त्यांच्यापाशी."

"भागवत, तुह्या लग्नात तू सोता घोडीवर व्हता, तरी घोडी पळाली."

आत गोजरबाई फसकन हसली. भागवतचे कान लाल झाले. "हसा. तुमच्या अडीनडीला गावानं कढया दिल्या, सतरंज्या दिल्या. आमचा बाप गेला तव्हा गाव राबलं. आन तुमच्याकडून दोन डब्बे निघंनात!"

"माही चेनपुली पाच वर्सं झाली, कोणाच्या विहिरीवर हाय मला ठाव न्हाई. म्या मागतली का? शिडी न्या. सायकल न्या. म्या सोता येतो, मांडवाची लायटिंग करून देतो, हात तुटूस्तोवर. पण माणसाची एक तरी वस्तू अशी असू द्या, का जी दुसऱ्या कोणाच्या कामाची नसन."

"म्हंजी शेवटचं न्हाई?"

"पयलंच शेवटचं व्हतं."

भागवत चौकट सोडून उभा राहिला. "मग ऐका. कन्यादान म्या आन मंजुषा जोडीनं करू. मोठा भाऊ हाय म्या तिचा. तुमी बसा तुमच्या जावयापाशी."

तो गेला. आत परातीवर चाललेला घासणीचा आवाज बंद पडला होता.

संध्याकाळी गोजरबाईनं भाकरी वाढली आणि समोर बसली. "देऊन टाका ते खांब. लाकडाचे त हायत."

"न्हाई."

"लाकडापायी पोरगी सोडता?"

"आज लाकूड देलं त पोरगी भेटन. उद्या काय देऊ? भागवतला एक डाव भेवून 'व्हय' म्हणलं, का जलमभर तो भेव दाखवूनच मागन. आन तू मला सांग, कन्यादान का भाड्यानं देते कोणी? स्पीकर आणा आन पोरगी दान करा?"

"मला नगा शिकवू. पोरगी न्हाई ती माह्या पोटाला, तुमच्या पोटाला न्हवं."

दगडोबानं भाकरी मोडली. ती उठली, मागच्या खोलीत गेली, टावरच्या मशीनचं बटण बंद केलं आणि मालिका टीव्हीच्याच किडकिड्या आवाजात बघत बसली. आठ दिवस तसंच. सासू मान वळवायची आणि एक भांडं हलायचं नाही. दगडोबानंही त्या आठ दिवसांत काही लावलं नाही. बटण तिनं बंद केलं होतं, आणि ते तिनंच चालू करावं, एवढं त्याला कळत होतं. पण भागवतच्या घराकडं तो गेला नाही.

डीजे शेवटी मिळाला. कनेरगाव नाक्याकडून कोणीतरी आणला, हळदीला आणि लग्नाच्या सकाळपुरता. म्हणजे गाण्याची गरज भागली. पण भागवतचा शब्द तोंडातून गेला होता, तो माघारी कोण घेतो? हळदीच्या दुपारी पुसेगावचे पत्रे नाचत होते. दगडोबा दुकानात बसून एका मोटारीचे वेढे काढत होता. मधेच त्यानं मान वर करून म्हटलं, "डाव्या बाजूचा फाटला." गिऱ्हाईक म्हणालं, "काय?" तो म्हणाला, "काही न्हाई."

घरोघरी अक्षता गेल्या. त्याच्या दाराला आल्या नाहीत.

लग्नाच्या सकाळी दगडोबा उठला, तोंड धुतलं, चुलीपाशी बसला. चहा नाही. वाट बघितली. भाकरीचाही पत्ता नाही. चूल गार, गोजरबाई न्हाऊन, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून परातीला तिसऱ्यांदा कापड मारत होती.

"आगं, च्या?"

"न्हाई."

"भाकर?"

"भेटायची न्हाई आज. कन्यादान करायचं हाय. उपाशी राहाव लागते, ठाव न्हाई का?"

दगडोबा चुलीपासून उठला. "कोणाचं कन्यादान? बोलावलं का आपल्याला?"

"आपल्याच घरच्या लग्नाचं बोलावणं कोण आणते? मी कव्हाची वाट बघून राहिले, तुमी काही करान म्हणून. तुमी वेढे काढत बसले." तिनं परात कमरेवर घेतली, तांब्या हातात. "स्पीकर देले न्हाईत. बरं. न्हाई त न्हाई. पण न्हाई म्हणून आता खाली मुंडी घालून घरात बसायचं असन, त मग देऊनच टाकायचे व्हते. उपरणं घ्या. गाठ माराव लागन."

दगडोबानं उपरणं घेतलं. धुतलेला सदरा चढवला. टोपी दोनदा घातली आणि दोनदा काढली, तिसऱ्यांदा तिनंच डोक्यावर दाबली.

भर गावातून दोघं निघाली. ती पुढं, परात उन्हात चमकत होती, तो मागं. पारावरचा म्हातारा म्हणाला, "कुठं निघाले, दगडोबा?" दगडोबानं सांगितलं, "पोरगी द्यायला." म्हाताऱ्यानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि त्यांच्या मागं चालायला लागला. काहीतरी बघायला मिळणार, एवढं त्याला समजलं होतं.

मांडवात गर्दी मावत नव्हती. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, डीजेवाल्यानं एक शेवटचं गाणं वाजवलं आणि सामान भरायला घेतलं, कारण त्याला दुसरं लग्न गाठायचं होतं. भटजींनी पाट मांडायला सांगितले. "कन्यादानाला कोण बसणार? या लवकर."

भागवत उठला. त्याची बायको मंजुषा पदर सावरत त्याच्या मागं. तेवढ्यात गोजरबाई बायकांतून वाट काढत आली आणि नवरदेवाच्या पायापाशी तिनं परात ठेवली. ठेवली म्हणजे, मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी ठेवली.

भागवत दात दाबून म्हणाला, "काकी, ठरलंय सगळं. लोकांत शोभा नको."

"शोभा कशाची? मी एकच इचारते. भागवत, उपाशी हायस का?"

"व्हय."

"बराबर उपाशी?"

"व्हय म्हणलं न!"

नवरदेवाचा बाप जवळच उभा होता. त्याला ह्या भांडणाचं काही माहीत नव्हतं. भला माणूस, आवाज मोठा. तो कौतुकानं म्हणाला, "उपाशी कसे ठेवू आमी तुमाला? वेशीवर म्याच चारली की जिलेबी! एक म्हणत व्हते, म्या दोन कोंबल्या!"

मांडव हसला. वरातीच्या स्वागताला व्याह्यानं तोंडात घातलेला घास कोणी थुंकत नाही. भागवतनंही थुंकला नव्हता, आणि जिलेब्या खाताना त्याला कन्यादान आठवलंही नव्हतं. मंजुषा बिचारी सकाळपासून पाण्यावर होती. पण जोडप्यातल्या एकाच्या उपासानं भागत नाही. तिनं पदर तोंडाला लावला, आणि पदराआड ती रडत नव्हती हे शेजारच्या बायकांना दिसलं.

भटजींनी घड्याळ बघितलं. "उपाशी कोण आहे ते बसा. मला पुढं आणखी दोन लग्नं आहेत."

गोजरबाई पाटावर बसली. बसल्या बसल्या तिनं मागं हात करून दगडोबाच्या उपरण्याचं टोक ओढलं, तसा तोही बसला. कोणी आडवं आलं नाही. व्याह्यासमोर चुलत्याला पाटावरून उठवणारा पुतण्या आमच्या भागात अजून जन्मायचा आहे.

नवरदेवाचे पाय धुतले. पोरगं घाबरून पाय आखडत होतं, गोजरबाई म्हणाली, "ठिव सरळ, काही कापत न्हाई." मग भटजींनी पल्लवीचा हात मागितला. कोपरापर्यंत बांगड्या, मेंदी, नखांत हळद. दगडोबाच्या तांब्याच्या तारांनी चिरलेल्या ओंजळीवर तो हात आला.

मुंडावळ्यांतून पल्लवी हळूच म्हणाली, "काका, लई उशीर केला."

"तुही काकी च्या देईना," दगडोबा म्हणाला.

गोजरबाईनं तांब्या कलता केला. पाण्याची बारीक धार हातांवर पडू लागली. ही धार मंत्र संपेपर्यंत तुटू द्यायची नसते. भटजींचा आवाज चढला. तेवढ्यात दगडोबाच्या मागं कोणीतरी उकिडवं बसलं. वासावरून नाही, श्वासावरून त्यानं ओळखलं. भागवत.

"काका," भागवत कानाशी कुजबुजला. आता आवाजात धमकी नव्हती, घाम होता. "झालं ते झालं. कन्यादान तुमच्याच हातानं होऊन राहिलं, माहं काही म्हणणं न्हाई. पण डीजेवाला गेला. वरातीला नवरदेवाचे दोस्त नाचायला अडून बसले. येशीपासून मारुतीपर्यंतच. आता तरी द्या. अर्धा घंटा."

शंभर माणसं बघत होती. हातावर पोरीचा हात, पोरीच्या हातावर पाणी. असल्या वेळी माणसाकडून काहीही काढून घेता येतं. दगडोबाला हे कळत होतं, आणि भागवतलाही कळत होतं.

"न्हाई," दगडोबा म्हणाला.

भटजी मंत्राच्या मधेच थांबले. "काय नाही?"

"तुमाला न्हाई, भटजी. तुमी म्हणा."

भटजींनी एकदा भागवतकडं बघितलं, एकदा दगडोबाकडं, आणि पुढचा मंत्र धरला. गोजरबाईची नजर धारेवरच होती. मान न वळवता तिनं विचारलं, "काय म्हणतो तो?"

"मागतो."

"देऊ नका," ती म्हणाली, आणि तांब्या आणखी जरासा कलता केला.